कौलांचा कौल

कौलं बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. एका धर्मशाळेच्या छपरावरच्या कौलांनी आपला पुढारी निवडला. मतं चिमणीनं मोजली आणि पूर्वेकडचा तांबोबा जिंकल्याचं सांगितलं.

पश्चिमेकडची कौलं भडकली. "चिमणीचं घरटं पूर्वेच्या बाजूला! ती खरं कशाला मोजेल? जिंकला तो आमचा ठेंगोबाच!" असं म्हणत ती रागानं खाली सरकली. पूर्वेचीही फणकाऱ्यानं सरकली. मधोमध आढ्यावर वीतभर फट पडली.

तेवढ्यात वादळ आलं. वारा फटीतून आत घुसला आणि अख्खं छप्पर उचलू लागला.

ठेंगोबा सरकत वर आला आणि फटीवर आडवा पडला, अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

"दादा, तुमच्यावर अन्याय झालाय," पश्चिमेचं एक कौल ओरडलं, "आणि तुम्ही त्यांनाही झाकताय?"

"झाला असेल. पण वाऱ्याला कौल कळत नाही रे, फट कळते."

वादळ सरलं. छप्पर शाबूत होतं. ठेंगोबाचा एक कोपरा मात्र उडाला होता.

"आता तरी मतं पुन्हा मोजा!" पश्चिमेची कौलं म्हणाली.

"मोजा की," ठेंगोबा म्हणाला, "पण आधी आपापल्या जागेवर या."