थोरल्या महाराजांचं विरजण

एकदा काय झालं, डोंगरातल्या थंडगड राज्याची चिमाराणी खिडकीत केस वाळवत बसली होती. खाली रस्त्यावर ठकूबाई ताकवाली कुणाला तरी सांगत होती, "अगं, थोरले महाराज म्हणे घराघरातलं विरजण ओतून टाकणार. आणि आपल्या राणीला राजधानीत नेणार, आणि तिथं तिला..."

नेमकी तेव्हाच ठकूबाईची म्हैस शिंकली. म्हशीची शिंक ती. पुढचं सगळं त्यात वाहून गेलं.

"तिला काय गं, ठकूबाई?" राणीनं वरून विचारलं.

"काही नाही, बाईसाहेब. आमचं आपलं ताकाचं चाललंय," असं म्हणून ठकूबाईनं मडकं डोक्यावर घेतलं आणि पाय उचलला.

अर्धी बातमी फार वाईट, बरं का. अख्खी बातमी कशीही असो, माणूस गिळतो. अर्धी घशातच बसते.

आता हे थोरले महाराज कोण? तर सगळ्या मुलखाचे राजे. राजधानी त्यांची सपाटीवर. त्यांच्या हाताखाली लहान लहान राज्यं. एक समुद्रकाठी, दर्याजीराजाचं. एक डोंगरात, आपल्या राणीचं. घाटातले रस्ते महाराजांचे, रस्त्यावरचे पहारेकरी महाराजांचे. चोर-दरोडेखोरांशी लढायचं काम महाराजांचं. पण कुणाच्या चुलीवर काय शिजतंय, त्यात त्यांनी कधी नाक खुपसलं नव्हतं. नाक चांगलं लांब होतं, तरीसुद्धा.

मग एका गोसाव्यानं त्यांना विरजणाचं एक गाडगं दिलं. साधं नव्हे, बोलणारं गाडगं. त्यातलं बोटभर विरजण लावलं की विहीरभर दुधाचं दही. आणि संपायचं नाव नाही.

गाडगं म्हणालं, "हुकूम करा, महाराज."

महाराज म्हणाले, "सकाळी तुला लावायचं. संध्याकाळी आमची मोठी घंटा झाली की दही तयार पाहिजे."

मग तसंच झालं. सुरीनं कापावं असं दही लागलं. महाराजांनी बोटं चाटली आणि चाटता चाटताच हुकूम सोडला. आजपासून सगळ्या मुलखात हेच विरजण, हीच वेळ, हीच घंटा. जुनं विरजण ओतून टाका. ज्याच्या राज्यात दही लागणार नाही, त्याला राज्य करता येत नाही. त्याच्या जागी आमचा सुभेदार बसेल.

प्रधान हळूच म्हणाला, "महाराज, सगळीकडची हवा सारखी नसते."

"हुकूम सारखा असतो ना? मग झालं," महाराज म्हणाले.

मग विरजण पहिल्यांदा गेलं समुद्रकाठी. तिथं उकाडा. दही दुपारीच लागलं. पण हुकूम घंटेपर्यंतचा, म्हणून गाडग्याचं विरजण आपलं लागतंच राहिलं. दही इतकं आंबट झालं, इतकं आंबट झालं, की वासानंच कावळ्यांच्या चोची वाकड्या झाल्या. दर्याजीराजाचा तर एक डोळा मिटला तो उघडेना. लोकांना वाटलं, राजा सगळ्यांना डोळा मारतोय. दोन बायकांनी त्याच्या राणीकडे तक्रारही केली.

मग विरजण आलं थंडगडला. बरोबर घंटा घेऊन टोलोबा घंटावाला. थंडगडची थंडी म्हणजे सकाळी तोंड धुवायला आधी पाणी फोडावं लागायचं. तिथं बायका दुधाला विरजण लावून मडकं गोधडीत गुंडाळत, चुलीशेजारी ठेवत, आणि दुसऱ्या दिवशी उघडत.

राणी टोलोबाला म्हणाली, "भाऊ, जरा गोधडी तरी घालू द्या त्याला."

"हुकमात गोधडी नाही, बाईसाहेब."

मग संध्याकाळी घंटा झाली. मडक्यात दूध ते दूधच. गाडगं म्हणालं, "हुकूम संपला," आणि घोरायला लागलं.

झालं. महाराजांचा सांगावा आला, पुढच्या पुनवेला सुभेदार येतोय, सिंहासन रिकामं करा.

राणीला रडू आलं. सासूनं मरताना तिच्या हातात हात देऊन सांगितलं होतं, लोकांना सांभाळ. आता लोकांना कोण सांभाळणार? तो सुभेदार? त्याला तर थंडगडला ढग खाली असतात की वर, हेसुद्धा ठाऊक नाही.

मग राणीला आला राग. रागात माणूस काय करतं? दार लावतं. राणीनंही घाटाचं दार लावलं. महाराजांचे पहारेकरी हाकलून दिले. म्हणाली, "आमचं आम्ही बघू."

पहिले काही दिवस मजेत गेले. मग घरातलं मीठ संपलं. मीठ यायचं समुद्रावरून, महाराजांच्या रस्त्यानं, महाराजांच्या पहाऱ्यात. आता पहारा नाही, तर बैलगाड्या येणार कशा? वाटेत दरोडेखोर मिठाईच्या दुकानात बसावं तसे बसलेले. थंडगडची आमटी अळणी, भाजी अळणी. नवरे ताटावरून उठायला लागले.

ठकूबाई खिडकीखाली येऊन म्हणाली, "बाईसाहेब, महाराजांचं विरजण नको हे खरं. पण त्यांचा रस्ता कशाला फेकलात?"

राणीला ते पटलं. मग तिनं दार उघडलं आणि महाराजांना निरोप धाडला. चूक झाली, पहारेकरी परत पाठवा. आणि सिंहासन घ्यायचंच असेल तर सुभेदार नको, तुम्ही स्वतः या. एकदा थंडगडला तुमच्या हातानं दही लावून दाखवा. लागलं तर मी आपणहून उठते.

महाराज म्हणाले, "हात्तिच्या, एवढंच?"

मग ते आले. हत्ती आला, प्रधान आला. महाराजांचे दात वाजत होते. राणीनं त्यांना चुलीपुढे बसवलं, अंगावर जाड गोधडी घातली. महाराजांनी दुधात विरजण लावलं. संध्याकाळी घंटा झाली, आणि मडक्यात दूध.

"दूध खराब असेल," महाराज म्हणाले. दुसऱ्या दिवशी दूध बदललं. पुन्हा तेच.

तिसऱ्या दिवशी महाराज गाडग्यावरच खेकसले, "अरे, तुला झालंय तरी काय?"

गाडगं म्हणालं, "थंडी वाजतेय, महाराज. तुमच्या अंगावर गोधडी आहे. माझ्या अंगावर तुमचा हुकूम आहे."

महाराजांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. गोधडी सोडवेना. मग काय केलं असेल? मडकं उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि दोघांवर मिळून गोधडी ओढली. बसले तसेच. प्रधान कागद घेऊन आला, तर म्हणाले, "हळू बोल, लागतंय."

संध्याकाळ झाली. टोलोबानं घंटेला हात घातला.

"थांब रे मेल्या," महाराज ओरडले. "अजून लागलं नाही."

टोलोबा म्हणाला, "पण महाराज, हुकूम..."

"हुकूम गेला चुलीत. मडकं कुणाच्या मांडीवर आहे?"

टोलोबानं घंटेवरचा हात काढला. राणी तर पदर तोंडात धरून बसली होती. आणि महाराजांना आपण काय बोललो ते कळलं. कानापर्यंत लाल झाले. पण मनाचे मोठे होते हो. दुसऱ्या दिवशी दही लागलं, ते त्यांनी पहिलं राणीच्या हातावर ठेवलं. म्हणाले, "राणीबाई, सिंहासन तुमचंच. ते तुम्हीच सांभाळा."

मग तिथंच चुलीपुढे ठरलं. घाटाचा रस्ता आणि पहारा महाराजांचा, त्याला राणीनं दार लावायचं नाही. चुलीवरचं मडकं राणीचं, तिथं महाराजांनी घंटा वाजवायची नाही. दर्याजीराजाचं मडकं दर्याजीराजाचं. आणि ताक? ताकावर बराच वेळ खडाजंगी झाली. शेवटी ठरलं, ताक सगळ्यांचं. भांडत भांडत प्यायचं, पण एकाच पंगतीत बसून.

दर्याजीराजाचा डोळा उघडला. थंडगडला मीठ आलं. आमटी खमंग झाली, नवरे ताटावर बसले.

आणि ठकूबाईची ती बातमी? विरजण ओतून टाकणार म्हणत होती. ते काही सगळं ओतलं गेलं नाही. निम्म्या बायकांनी फडताळात लपवून ठेवलंच होतं. राणीला राजधानीत नेणार म्हणत होती, ते मात्र खरं निघालं. दर वर्षी पालखी येते, राणीला घेऊन जाते. तिथं ती दर्याजीराजाशेजारी बसून महाराजांशी मनसोक्त भांडते, आणि आठवडाभरानं घरी येते.

सगळे सुखात आहेत. चला, पाय पांघरुणात घ्या बघू. गाडगंसुद्धा केव्हाच निजलं.