बांधाचं उरलेलं टोक

एकदा एका शहराच्या कडेला असलेल्या उघड्याबोडक्या टेकडीचं निसर्ग उद्यान करायचं, असं एका वृद्ध गुरुजींनी मनावर घेतलं. शाळेतून निवृत्त झालेला माणूस. हाताशी पैसा नाही, अधिकार नाही. मग त्यांनी केलं काय? दर रविवारी सकाळी पायथ्याशी उभं राहायचं आणि फिरायला येणाऱ्यांना म्हणायचं, "आलात तसे जरा हात लावा." हळूहळू लोक जमू लागले. कुणी बँकेतले, कुणी कॉलेजातले, रिक्षा चालवणारे सलीमभाई, आणि गुडघ्यांची तक्रार करत करत सगळ्यांच्या पुढे चढणाऱ्या कुंटेकाकू.

वरच्या ओघळीत दगडी बांध घालायचं काम चाललं होतं. पावसाळ्यात टेकडीची माती वाहून जाते, ती अडावी म्हणून. बांधाकडे जाणाऱ्या प्रत्येकाने पायथ्याच्या टाकीतून पाण्याचा एक कॅन भरून घ्यायचा आणि वाटेतल्या रोपांना पाणी घालत वर जायचं, अशी रीतच पडली होती. पळस, बहावा, काटेसावर अशी ती रोपं. हा एक उन्हाळा निभावला की ती आपल्या बळावर उभी राहणार होती. तोवर मात्र सगळी भिस्त या रविवारच्या माणसांवर.

गुरुजींना एक विचित्र खोड होती. काम ऐन रंगात आलं, थर पुरा व्हायला थोडंसंच उरलं, की ते घमेलं वाजवायचे. "चला, पुरे झालं आज!"

"अहो गुरुजी, एवढा थर तरी होऊ द्या की!" कुंटेकाकू हातातला दगड न सोडता भांडायच्या.

"पुढच्या रविवारी," गुरुजी शांतपणे म्हणायचे.

लोक चरफडत खाली उतरायचे. आणि गंमत बघा, जो सगळ्यांत जास्त चरफडे, तोच पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी हजर असे.

गुरुजींची एक शिष्या होती, ऋजुता. शिक्षणाने इंजिनिअर, पण झाडांच्या ओढीने त्यांच्याकडे शिकायला येई. हातातलं काम अर्धवट टाकणं तिच्या रक्तातच नव्हतं. तिने एकदा विचारलंच, "गुरुजी, तुम्ही दर वेळी असं का करता?"

"तुला काय वाटतं?"

"वाटायचं काय त्यात? मला राग येतो!"

"राग येऊ दे. पण ते काही उत्तर झालं नाही," गुरुजी हसून म्हणाले. तेव्हापासून तो प्रश्न तिच्या डोक्यात भुणभुणत राहिला.

होळीच्या सुमारास गुरुजींच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. काही आठवडे त्यांना टेकडी चढता येणार नव्हती. जाताना त्यांनी ऋजुताला सांगितलं, "रोपं जगव. आणि हो, बांध संपवू नकोस."

"संपवू नको? पावसाच्या आधी तो पुरा व्हायला नको का?"

"पावसाला अजून अवकाश आहे. बाकीचं आल्यावर बोलू."

आता तुम्हीच सांगा, असं सांगितल्यावर कुणालाही काय वाटेल? ऋजुतालाही तेच वाटलं. वय झालं, दुसरं काय! गुरुजी परत येतील तेव्हा पुरा झालेला बांध त्यांना दाखवावा, ते मनातून खूशच होतील, असं तिने ठरवून टाकलं.

नेमका त्याच आठवड्यात फरश्यांचा एक व्यापारी तिला भेटला. भला माणूस. म्हणाला, "ताई, उगाच कशाला ताटकळता? माझे गवंडी पाठवतो, दगडही देतो. आणि नावाची पाटीबिटी काही नको मला." शनिवारी दिवसभर गवंडी राबले. संध्याकाळी बांध पुरा. ओळंब्यात सरळ, देखणा, दृष्ट लागावी असा. ऋजुताला त्या रात्री आनंदाने झोप आली नाही.

रविवारी लोक आले. "वा! झालं की हो!" म्हणाले. बांधाजवळ उभं राहून फोटो काढले आणि सगळे मिळून मिसळ खायला गेले. ऋजुताही गेली. पुढच्या रविवारी मोजकीच मंडळी आली, तीही जरा टेकडीवर फिरून परतली. त्याच्या पुढच्या रविवारी एकट्या कुंटेकाकू, आणि त्याही "मुलगी यायचीय" म्हणून लवकर उतरल्या. ऋजुताने फोन केले, निरोप पाठवले, "रोपांना पाणी घालायचं आहे हो!" सगळे अगदी मनापासून "हो हो, येतो" म्हणाले. आलं कुणीच नाही. मग ती पहाटे उठून एकटीच कॅन वाहू लागली. पण एका माणसाच्या हातांनी टेकडी भिजते थोडीच! चैत्राचं ऊन तापलं तशी बहाव्याची पानं गळाली. काटेसावरीची कितीतरी रोपं शेंड्यापासून वाळत खाली आली.

गुरुजी परतले, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात काठी. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. ऋजुता त्यांना पाहताच रडू लागली. "गुरुजी, मी रोपं मारली. तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

गुरुजींनी वाळलेली काटेसावर बोटांनी चाचपली. त्यांचा चेहरा पडला, ते त्यांनी लपवलं नाही. मग म्हणाले, "पहार आण."

दोघं बांधापाशी गेली. गुरुजींनी काठीने बांधाचं टोक दाखवलं. "एवढं पाड."

"गुरुजी! अहो, चांगला घातलेला बांध आहे!"

"दिसतोय ना मला. आता तर दोन्ही डोळ्यांनी दिसतोय. पाड."

रडत, चडफडत तिने दगड सुटे केले. गुरुजी म्हणाले, "आता सगळ्यांना कळव. खरं तेच कळव, एक शब्द वाढवू नकोस." तिने निरोप पाठवला, 'गुरुजींनी बांधाचं टोक पाडायला लावलं. रविवारी या.'

फोन खणखणायला लागले. "पाडलं? का?" "म्हातारबुवांचं डोकं ठिकाणावर आहे ना?" "थांबा, मी येतोच!"

ऋजुता थक्क झाली. गुरुजी म्हणाले, "आता माझ्या खोडीचं कारण ऐक. मजुराला मजुरी परत बोलावते. पण जो फुकट येतो, त्याला कोण बोलावणार? आपल्यावाचून कुठेतरी काहीतरी अडलं आहे, ही एकच जाणीव त्याला अंथरुणातून उठवते. म्हणून मी त्यांना रिकाम्या मनाने कधी घरी जाऊ दिलं नाही, उरलेलं काम बरोबर दिलं. तू बांध पुरा केलास तो चांगल्या भावनेनेच. पण त्यात तू त्यांना सांगून बसलीस, की तुमच्याशिवाय भागतं. हे ऐकल्यावर माणूस भांडत नाही. तो नुसता यायचा थांबतो."

ऋजुताने पाडलेल्या टोकाकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "मग बांध कायमचा अपुराच ठेवायचा?"

"छे! पुढचं काम ते स्वतः शोधतील, त्या दिवशी खुशाल पुरा होऊ दे."

रविवारी टेकडीवर गर्दी उसळली. व्यापारीही आला, तावातावाने. "गुरुजी, माझ्या माणसांचं काम पाडलंत?" गुरुजी म्हणाले, "शेठ, माणसं पाठवलीत, तुम्ही स्वतः कुठे आला होतात? बरं झालं आलात. तो कॅन घ्या." शेठ गांगरले, पण कॅन त्यांनी उचलला. वाटेत त्यांना एका पळसाच्या बुडाशी नवी पालवी दिसली, तर ते तिथेच उकिडवे बसून राहिले. दुपारच्या आत टोक पुन्हा उभं राहिलं. त्या दिवशी कुणी कुणाला थांबवलं नाही. सलीमभाई वरून ओरडले, "अहो, इकडे दुसऱ्या ओघळीतही माती सुटलीय! बघितली का कुणी?" आणि सगळा घोळका तिकडे धावला.

ऋजुताला हायसं वाटलं. तिने वळून पाहिलं. गुरुजी सावलीत एकटेच बसले होते. येणारा-जाणारा प्रत्येक जण प्रेमाने म्हणत होता, "तुम्ही बसा गुरुजी, आम्ही आहोत ना!" गुरुजी मान डोलवत होते. काठी मात्र उगीच मातीत रेघा ओढत होती.

ती त्यांच्यापाशी गेली. "गुरुजी, नवा बांध कुठून सुरू करायचा, यावरून वर भांडणं चाललीयत. तुम्ही आल्याशिवाय काही ते मिटायचं नाही."

गुरुजींनी काळ्या चष्म्याआडून तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "चल," ते म्हणाले, आणि ती हात द्यायच्या आधीच उठून उभे राहिले.

आपल्याही घरात एखाद्याला आपण रोज मायेने म्हणतो, "तुम्ही बसा हो, आम्ही करतो." आज त्यांच्यापुढे निवडायची मेथी ठेवून पाहावी.