खिंडीतली तहान

खूप जुन्या काळची गोष्ट आहे. इतकी जुनी, की ते राज्य कुठं होतं आणि तिथं राजा कोण होता, हे आता कुणालाच सांगता येत नाही. लहानांनो, तुम्ही ती ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्त लक्ष देऊन ऐका, कारण या गोष्टीत जे चुकलं ते मोठ्यांचंच चुकलं.

त्या राज्यात दर चैत्रात एक शर्यत व्हायची. नदीकाठच्या गावातून पहाटे धावणारे सुटायचे, तीन घाट ओलांडायचे आणि दिवस मावळायच्या आत राजधानीच्या वेशीत पोचायचे. घोडा नाही, गाडी नाही, नुसते पाय. त्या दिवशी कुणी नांगर धरत नसे की दुकान उघडत नसे. माणसं भाकऱ्या बांधून घाटात जाऊन बसत. धावणारा समोरून जायचा तो डोळ्याचं पातं लवेपर्यंतच, पण तेवढ्यासाठी लोक वर्षभर वाट बघत.

शेवटचा घाट सगळ्यात अवघड होता. त्याच्या माथ्यावर एक उघडीबोडकी खिंड होती. झाड नाही, सावली नाही. त्या खिंडीत सगुणा नावाची एक बाई धावणाऱ्यांना पाणी पाजायची. तिच्या नवऱ्याला शर्यतीचं भारी वेड होतं. तो गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा तिनं हे काम आपलं म्हणून धरलं. खालच्या झऱ्यावरून हंडे वाहून आणायची, माठ भरायची, माठांना ओली फडकी गुंडाळायची आणि फुलपात्रं मांडून वाट बघत बसायची.

एका वर्षी हैबती नावाचा एक नवा गडी सगळ्यांच्या पुढं खिंडीत आला. उंच, सडपातळ, हसऱ्या तोंडाचा. सगुणेनं पाणी पुढं केलं. तो घटाघट प्यायला आणि म्हणाला, "मावशी, तुझ्या हातचं पाणी मिळालं, आता वेस लांब नाही." त्या वर्षी तो जिंकला.

पुढच्या वर्षीही तोच जिंकला, आणि आधीपेक्षा लवकर. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी लवकर. आता तो खिंडीत आला की फुलपात्र दोन्ही हातांनी घ्यायचा, ओठांना लावायचा आणि बाकीचं डोक्यावर ओतून पुढं निघायचा. सगुणेला वाटायचं, माझा मान राखतो पोरगा. तिला पोटचा मुलगा असता तर तिनं त्याच्यावर याहून जास्त माया केली नसती.

साऱ्या राज्यानंच त्याच्यावर माया केली. जात्यावर बसलेल्या बाया त्याची गाणी म्हणू लागल्या. बारशाला पोरांची नावं हैबती ठेवली जाऊ लागली. आणि दर वर्षी लोकांना आणखी हवं असायचं. घाटात बसलेली माणसं म्हणायची, "गेल्या साली ऊन कलताना आला होता. औंदा सूर्य डोक्यावर असतानाच यायला पाहिजे."

सगुणेचा एक थोरला भाऊ होता, तिच्याच गावात राहायचा. तो शर्यत बघून आला आणि म्हणाला, "सगुणे, मी त्याला जवळून पाहिलं. तीन घाट धावलेला माणूस असा दिसत नाही. कुठं तरी पाणी मुरतंय."

सगुणेला ते झोंबलं. राजाचे वैद्य दर वर्षी प्रत्येक धावणाऱ्याला तपासून मगच सोडायचे. तरीही पुढच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी ती नदीकाठी गेली आणि तिनं हैबतीला सरळच विचारलं. जवळच एक पाण्याचा माठ होता. हैबतीनं त्यावर हात ठेवला आणि तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "मावशी, या पाण्याची आण. मी काही खात नाही, काही पीत नाही."

ती घरी आली आणि भावाला म्हणाली, "दुसऱ्याचं चांगलं तुला बघवत नाही. परत माझ्या उंबऱ्यावर पाऊल ठेवू नकोस."

भाऊ मानी होता. त्यानं ठेवलं नाही. दोघं एकाच गावात राहिली, एकाच विहिरीवर पाणी भरत राहिली, पण बोलली नाहीत. त्या पावसाळ्यात भावाला ताप भरला आणि तो तापातच गेला. निरोप आला तेव्हा सगुणा धावत गेली, पण बोलायला कुणी उरलं नव्हतं.

आणि मग खरं काय ते बाहेर आलं.

हैबतीबरोबर धावणारा एक गडी आजारी पडला. वाचत नाही असं वाटल्यावर त्यानं सगळं सांगून टाकलं. रानात एक काळमुळी मिळते. ती चघळली की दम लागत नाही, पाय दुखत नाहीत, तहानसुद्धा लागत नाही. पुढं पळणारे बहुतेक सगळे ती खात होते. वैद्यांना त्या मुळीची माहितीच नव्हती, म्हणून ते फसत आले होते.

राजानं हैबतीला दरबारासमोरच्या पटांगणात उभं केलं. सारं राज्य लोटलं होतं. हैबतीनं नाकबूल केलं नाही. तो म्हणाला, "पहिल्या वर्षी मी नुसत्या पायांवर जिंकलो. पण पुढच्या वर्षी तुम्हाला त्याहून लवकर हवं होतं, आणि ते माझ्या पायांत नव्हतं. मी कबूल करतो, मी खाल्ली. पण मी दमून, उशिरा आलो असतो, तर तुमच्यातलं कोण थांबलं असतं?"

कुणीतरी पायातलं पायताण काढून त्याच्या अंगावर फेकलं. मग दगड आले. शिपायांनीच त्याला वाचवलं आणि राज्याच्या हद्दीबाहेर नेऊन सोडलं. जात्यावरची गाणी थांबली. ज्या पोरांची नावं हैबती होती, त्यांची नावं आयांनी बदलली.

सगुणा गर्दीत उभी होती. तो पाणी नुसतं ओठांना का लावायचा, हे तिला आता कळलं. पण घरी परतताना तिच्या मनात हैबती नव्हता, भाऊ होता. शिव्या द्याव्यात तर हैबती हद्दीपार गेलेला. माफी मागावी तर भाऊ त्याहून लांब गेलेला. तिचा राग तिच्यापाशीच राहिला आणि आतल्या आत आंबत गेला.

चैत्र आला. राजानं दवंडी पिटवली, शर्यत होईल आणि खरी होईल. वैद्यांनी धावणाऱ्यांना आठ दिवस आधीपासून वाड्यात ठेवून घेतलं. काय खातात, काय पितात, यावर पहारा ठेवला. मुळी खाणारे आधीच पळून गेले होते. जे उरले ते खरेच होते.

लोक त्याही वर्षी घाटात आले, पण गाणी म्हणायला नाही. रानातली कसलीकसली मुळं उपटून त्यांनी बरोबर आणली होती. धावणारा समोर आला की ती त्याच्या अंगावर फेकायची आणि म्हणायचं, "घे, खा." राग सगळ्यांच्याच पोटात होता, आणि तो ज्याच्यावर काढायचा तो तिथं नव्हता.

त्या वर्षी सगळ्यांच्या पुढं होता कुशाबा नावाचा एक तरुण, डोंगराकडच्या वाडीतला. तो बरीच वर्षं धावत होता. हैबतीच्या काळात तो पोचायचा तेव्हा उन्हं उतरलेली असायची, लोक भाकऱ्या खाऊन घरी गेलेले असायचे. आता मुळी खाणारे गेले, म्हणून तो पुढं आला होता. इतकी साधी गोष्ट होती. पण लोक एकमेकांना म्हणत होते, "कालपर्यंत मागं असणारा आज पहिला कसा? काही तरी नवीन सापडलं असणार याला."

भर दुपारी कुशाबा खिंडीत आला. ओठ फुटले होते, अंगावर मुळांची माती चिकटली होती. सगुणा माठांपाशी उभी होती. सवयीनं तिनं माठ भरून आणले होते, पण फुलपात्रं मांडली नव्हती.

"मावशी, पाणी दे," तो म्हणाला.

सगुणा त्याला ओळखत होती. संध्याकाळी, खिंड रिकामी झाल्यावर येणारा हाच तो. दोन-दोन फुलपात्रं पाणी प्यायचा, फुलपात्र विसळून पालथं घालायचा आणि मगच पुढं जायचा. हे सगळं तिला त्या घटकेला आठवलं. तरी ती म्हणाली, "तुला कशाला पाणी? काळमुळी खाणाऱ्याला तहान लागत नाही म्हणतात."

"मी खाल्ली नाही, मावशी. तहान लागली म्हणूनच मागतोय."

मागून कुणीतरी म्हणालं, "तहानेचं सोंगसुद्धा शिकून आला बघा." लोक हसले.

"वैद्यांना विचारा," कुशाबा म्हणाला. "आठ दिवस त्यांच्या पहाऱ्यात होतो."

"वैद्यांनी तर त्यालाही सोडलं होतं," सगुणा म्हणाली.

 कुशाबानं समोरच्या माठावर हात ठेवला आणि म्हणाला, "मावशी, या पाण्याची आण."

ते शब्द ऐकले आणि सगुणेला काय झालं ते तिलाच कळलं नाही. तिनं माठ धरला आणि खडकावर उलटा केला. सगळं पाणी खडकावरून वाहत गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कुशाबानं त्या ओल्या खडकाकडे एकदा बघितलं. मग तो पळू लागला.

घाट उतरताना तो कोसळला. मागून येणाऱ्या धावणाऱ्यांनी त्याला पाहिलं आणि शर्यत सोडून त्याला घोंगडीत घातलं. त्या वर्षी वेशीतून धावत कुणीच आलं नाही. चार माणसं घोंगडीची टोकं धरून चालत आली.

वैद्यांनी त्याची नाडी बघितली, जीभ बघितली. मग ते जमलेल्या लोकांना म्हणाले, "याला तहान आणि ऊन लागलंय, दुसरं काही नाही. पोटात काळमुळी असती तर हा तहानेनं पडलाच नसता."

 जमलेल्यांत टाळ्या वाजवणारेही होते.

कुशाबा जगला. पण डोक्याला लागलेलं ऊन काही उतरलं नाही. चालताना त्याचा तोल जायचा. धावणं तर संपलंच.

पावसाळ्याआधी सगुणा त्याच्या वाडीवर गेली. ही बाई कोण, हे कुशाबाच्या आईला ठाऊक होतं. तरी तिनं दारात आलेल्या माणसाला द्यायचं म्हणून तांब्याभर पाणी आणून तिच्यापुढं ठेवलं आणि आत गेली. सगुणेनं तांब्याला हात लावला नाही.

कुशाबा भिंतीला टेकून बसला होता. ती म्हणाली, "बाळा, मी तुला ओळखलं होतं. तू फुलपात्र विसळून ठेवायचास तेही मला आठवत होतं. आठवत असतानाच मी पाणी ओतलं. मला क्षमा कर म्हणायलाही तोंड नाही."

 कुशाबा म्हणाला, "मी रागावलो नाही, मावशी. मी इथं बसून रोज एकच विचार करतो. त्या वेळी मी काय बोललो असतो, म्हणजे तुला खरं वाटलं असतं? अजून मला काही सुचलेलं नाही."

सगुणेनंही विचार केला. तिलाही काही सुचलं नाही. त्यानं आण घेतली तीही तिनं मानली नव्हती, रडला असता तरी मानलं नसतं. ती मान खाली घालून म्हणाली, "तू काही बोलायची गरजच नव्हती रे. तू पाणी मागितलं होतंस."

मग ती उठली आणि वाट धरून निघाली. पाणी तसंच राहिलं.

पुढचा चैत्र आला. लोकांना पश्चात्ताप झाला होता, आणि पश्चात्तापही त्यांनी भरपूर केला. घाटात कधी नव्हती एवढी गर्दी जमली. घरोघरच्या बाया पाण्याच्या कळश्या घेऊन आल्या. कुणी गूळ आणला, कुणी हार आणले. मुळं आणू नयेत, असं गावागावांत पंचांनी बजावलं होतं. सगुणाही खिंडीत येऊन बसली.

पहाटे नदीकाठी नगारा वाजला, पण पळायला कुणी उभंच राहिलं नाही.

ज्यांच्या अंगात धावण्याचं बळ होतं, ते शेतावर गेले होते, गुरांमागं गेले होते. राजाच्या माणसांनी त्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "हरलो तर आम्हाला कुणी ओळखत नाही. जिंकलो तर कुणी खरं मानत नाही. मग धावायचं कुणासाठी?" काहींच्या आयाच आडव्या आल्या होत्या. त्यांनी कुशाबाला चालताना पाहिलं होतं.

घाटातल्या लोकांना हे माहीत नव्हतं. ते दोन्ही बाजूंना बसून राहिले, माना लांब करकरून वळणाकडे बघत राहिले. ऊन चढलं, कललं. हार सुकले. सगुणेच्या शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं तिला विचारलं, "उशीर झालाय, पण येतील ना?"

सगुणा त्या मोकळ्या वाटेकडे बघत राहिली. 

दिवस मावळला तशी माणसं एकेक करून उठली आणि आपापली भांडी घेऊन मुकाट्यानं घाट उतरून गेली. पुढं त्या राज्यात शर्यत कधी झाली नाही. वाटेवर गवत वाढलं, आणि इथून माणसं धावत जायची हे सांगणारेही हळूहळू संपले.

तात्पर्य : खोट्यानं फसवल्याचा राग खऱ्यावर काढला, तर खोटा काही सुधारत नाही, पण खरं वागणारा मात्र कायमचा जातो.