झाकून ठेवलेली पेज

“नऊ दिवस बोलले होते, तिसऱ्यालाच उठू कशी, माई?”

हौसाबाईनं विचारलं खरं, पण उभं राहायला तिला भिंत धरावी लागली होती.

गोदामाई मठाच्या ओसरीवर सुपात शेंगा निवडत होती. वय ऐंशीच्या पुढं. तिनं मान वर केली.

“जीभ दाखव.”

दाखवली. कोरडीठाक.

“हात पुढं कर.”

केला. बोटं लटलटत होती.

“काल पाणी किती प्यालीस?”

“दोन तांबे.” हौसाबाईची मान ताठ. “मिठाचा कणही घातला नाही. निव्वळ उपास!”

“मी काय सांगितलं होतं?”

“पाच तांबे... मिठासकट.”

गोदामाईनं हातातली शेंग सुपात टाकली.

उपासाला कुणाला बसवायचं हे माई पारखून ठरवी. साखरेचा आजार असलेली, पोटुशी, गोळ्या चालू असलेली बाई आली, की पायरीवरूनच परत. हौसाबाई मात्र धडधाकट. गेल्या साली इथंच तीन दिवस पाण्यावर राहिली नि तिची जुनी करपट ढेकर थांबली, अंग कापसासारखं हलकं झालं, गाढ झोप लागली. माईचे उपकार ती गावभर सांगत सुटली. सांगता सांगता जीभ सैल झाली... यंदा नऊ करते, बघाच!

“छातीत धडधडतंय?”

“...थोडं.”

“सोड उपास.”

“माई! तीन दिवस तर माझी नणंदसुद्धा करते. गाव तोंडात शेण घालेल.”

“तीन तू केलेस. पुढचे सहा दिवस गाव करणार होतं. करू दे त्याला.”

माईनं चुलीकडं हात केला. मठात रांधणारी शेवंता वाटी घेऊन आली. तांदळाची पातळ पेज, वाफाळती.

हौसाबाई बघतच राहिली. पहिल्या दिवशी हिलाच ती फाडफाड बोलली होती, माझ्या नावानं चूल पेटवशील तर बघ, मेले!

“ही कधी केलीस गं?”

“रोजच करते. तुम्ही बसलात त्या दिवसापासून.”

“मी नको म्हटलं होतं.”

“हो ना. म्हणून झाकून ठेवायची. सांजेला वासराला.”

शेवंतानं वाटी तिच्यापुढं धरली.

“अंग काय सांगून ढासळतं, बाई?”

पहिला घोट शेवंतानंच पाजला. मग चमच्याचमच्यानं, दमादमानं. हौसाबाईच्या डोळ्यांना धार लागली. दोन तांब्यांतला एक तर तिथंच गेला असेल.

वाटी संपल्यावर तिनं शेवंताचा चुलीनं पोळलेला हात हातात घेतला. बराच वेळ सोडला नाही. मग माईकडं वळली.

“माई, उपास घडला की मोडला?”

गोदामाईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

“दोन दिवस पेजच पी. सोमवारी शेवंता बसतेय पाण्यावर... तिची पेज रोज तू चुलीवर टाक.”