तांब्याभर ताक

"पण आबा, एवढा मोठा रथ थांबवायचा म्हणजे जोर किती लावायचा?"

आबांनी रंधा बाजूला ठेवला.

"सोडायला लागतो तेवढा," ते म्हणाले, आणि पुन्हा रंधा मारू लागले.

शालिकला हे उत्तर पटलं नाही. पटण्यासारखं नव्हतंच.

आत्माराम मिस्तरी, म्हणजे आबा, गिरणाकाठच्या त्या गावात चाळीस वर्षं बालाजीच्या रथाला मोगरी लावत आले होते. मोगरी म्हणजे बाभळीच्या लाकडाचा पाचरीसारखा ठोकळा. रथ ओढायला अख्खं गाव असतं. पण वेशीपासून पिराच्या दारापर्यंत उतार आहे, आणि तिथं ओढणाऱ्यांचं काही चालत नाही. तिथं चाकाखाली मोगरी सारणारा म्हणेल तसं. पिराच्या दारात रथ थांबतो, बालाजीकडून चादर जाते, पिराकडून नारळ येतो, आणि मग रथ पुढे निघतो.

यंदा आबांचे गुडघे गेले होते. पुढच्या उजव्या चाकाची त्यांची मोगरी आता दुसऱ्या कोणाकडे तरी जायची होती. ती शालिकला हवी होती. इतकी, की त्याचं जेवणाकडे लक्ष नव्हतं, आणि शालिकच्या बाबतीत ही गोष्ट साधी नव्हती.

गडी ताकदीचा. दोन्ही खांद्यांवर केळीचा एकेक घड घेऊन मळ्यातून गावात यायचा. स्वतः सांगायला लागला की दोनाचे चार घड व्हायचे.

रथ निघतो वर्षातून एकदा. मग शिकवायचं कशावर? आबांनी केळीची हातगाडी घेतली, वजनाला चार दगड ठेवले आणि मधोमध ताकाने काठोकाठ भरलेला तांब्या. आबा गाडी उतारावरून सोडणार, शालिक खाली लहान मोगरी लावून ती थांबवणार, आणि मग आबा ताक पिणार, असं ठरलं.

पहिल्याच दिवशी शालिकने मोगरी अशी ठोसली की गाडी जागच्या जागी थांबली. बोटभरसुद्धा पुढे सरकली नाही. त्याने मोठ्या ऐटीत मान वर केली.

तांब्या आडवा झाला होता. ताक त्याच्या डोक्यावरून ओघळत होतं.

"गाडी तर थांबली ना, आबा."

"गाडीला तू सांगितलंस. ताकाला कोणी सांगितलं?"

शालिकने बाहीने डोळ्यांवरचं ताक पुसलं.

"ते बिचारं अजून चाललंच आहे," आबा म्हणाले, आणि तहानलेलेच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी शालिकने हुशारी केली. तांब्या दगडांमध्ये घट्ट बसवला. तांब्या हलला नाही. ताक मात्र काठावरून उडी मारून आलं. आबांनी त्याला तोंड पुसायला पंचा दिला.

तिसऱ्या दिवशी तो वैतागला, वर गेला आणि स्वतःच गाडीला धक्का दिला. या वेळी ताक मागच्या मागे, त्याच्याच पोटावर सांडलं. निघायचं आहे हेसुद्धा तू त्याला कळवलं नाहीस, एवढंच आबा म्हणाले.

महिनाभर हेच चाललं. यमुनाकाकूंनी नवऱ्याला, म्हणजे आबांना, सांगून टाकलं की रोज तांब्याभर ताक रस्त्यालाच पाजायचं असेल, तर म्हैस रस्त्याच्या नावावर करा.

रथाचा दिवस उजाडला. आबांनी मोगरी शालिकच्या हातात ठेवली. त्याला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात दोघांच्या आधाराने आबा स्वतः रथावर चढले आणि पुजाऱ्याशेजारी बसले. हातात तांब्या.

"मी वर ताक पीत बसतो," ते म्हणाले. "सांडलं, तर पुढच्या वर्षी मोगरी निंबाकडे."

निंबा डाव्या चाकापाशी उभा होता. तो गालातल्या गालात हसला.

ढोल वाजले, रथ वेशीतून निघाला. उतार लागला आणि दोर सैल पडले. आता सगळा भार शालिककडे आला.

त्याने मोगरी सारली, सवयीने, सगळा जोर लावून. चाक करकरलं. वरचं तोरण एकदम पुढे झुकलं, आणि शालिकला फक्त तांब्या आठवला.

त्याने मोगरी काढून घेतली.

"सोडली काय भो?" निंबा ओरडला.

रथ हातभर पुढे आला. शालिकने मोगरी पुन्हा लावली, या वेळी हलकेच. चाक लाकडावर जरासं चढलं, कुरकुरलं. त्याने मोगरी काढली. पुन्हा लावली. पुन्हा काढली. दर वेळी रथ थोडा शांत होत होता. थांबायचं आहे, हे तो जणू एकेकाला कळवत होता: आधी चाकाला, मग खांबांना, मग वर बसलेल्या माणसांना, आणि सगळ्यांत शेवटी ताकाला.

मोगरी आणखी एकदा लावायला तो वाकला, तर चाक फिरतच नव्हतं.

समोर पिराचं दार होतं. मुजावर नारळ घेऊन उभे होते. मागच्या लोकांना रथ थांबल्याचा पत्ताही नव्हता, ते आपले भजन म्हणत पुढे सरकत होते. शालिकला रडू आलं. भर रस्त्यात तो मोकळेपणाने रडला, आणि मग वर पाहिलं.

आबांनी तांब्या उलटा धरला होता. त्यातून एकही थेंब पडला नाही.

शालिकने खालूनच ओरडून विचारलं,

"सांडलं?"

"प्यालो."

"कधी?"

"वेशीतच. वर चढल्या चढल्या."

शालिक हसायला लागला. पुजारी हसले, मुजावर हसले, निंबालाही हसू आवरेना.

मोगरी परत द्यायला शालिकने हात वर केले. आबांनी ती घेतली नाही. वाकून त्याच्या हातात, मोगरीवरच, रिकामा तांब्या ठेवला.

"म्हणजे आबा, तुम्हाला सांडायची भीती नव्हतीच?"

"होती ना," आबा म्हणाले. "पण ती खाली, चाकापाशी हवी होती. वर काय कामाची?"