कबरीतली बाई

खोकला कबरीतूनच येत होता. पहाटेच्या धुक्यात शहरातल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीची पाहणी करायला आलेले विश्वस्त दानियलराव भांबळ जागीच थिजले. शिळा सरकलेल्या एका रिकाम्या कबरीतून आधी हात वर आला, मग एक वाळलेली बाई.

निराधारांसाठी झटणाऱ्या एस्तेरबाई सोबत होत्या. अंगावर काटा आला, तरी त्यांनी पुढे होऊन तिला आपली शाल पांघरली.

"साहेब, टीबी झाला म्हणून हिला घरच्यांनी हाकललेलं दिसतंय. चर्चमागची खोली रिकामी आहे."

"खोली? आधी हाकला तिला!" दानियलराव मागे सरकत म्हणाले. "कबरीतून जिवंत माणूस बाहेर येतो, हे आपल्या चर्चला शोभतं का?"

"साहेब," एस्तेरबाई म्हणाल्या, "दर ईस्टरला आपण येशूचं दुसरं काय साजरं करतो?"

दानियलरावांनी त्या उघड्या कबरीकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातून खोलीची किल्ली काढून दिली.