तिसरी जागा

"मग तिसऱ्या जागेशिवाय अदलाबदल व्हायची कशी, बाई?"

यशपालचा आवाज चढला होता. पुण्यातली प्रोग्रामरची नोकरी सोडून तो कराडला निमकरबाईंकडे आला होता. पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेल्या बाई मागच्या पडवीत व्हेरिलॉग शिकवत. त्या भाषेत सर्किटचं वर्णन लिहायचं, की टेबलावरचा बोर्ड आपल्या पोटात तसं सर्किट जुळवून घेतो.

काम तसं साधंच दिलं होतं. दोन दिवे, एक पेटलेला, एक विझलेला. बोर्डातल्या घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला पेटलेल्यानं विझायचं, विझलेल्यानं पेटायचं.

आठवडा उलटला. मधेच दोन्ही दिवे विझत.

आज सकाळी त्यानं परतायची बॅग भरली होती. ते बाईंना ठाऊक नव्हतं.

"आधी डाव्याची स्थिती तिसरीकडे ठेवायची," तो म्हणाला. "मग उजव्याची डाव्याला द्यायची. मग ठेवलेली उजव्याला. हे मी ऑफिसातल्या नव्या पोरांना शिकवलंय, बाई! ओळीमागून ओळ."

"ओळीमागून ओळ चालतं कोण?"

"बोर्ड."

"त्याला पाय कुठायत?"

...

बाईंनी परडीतला एक पेरू उचलला. यशपालच्या हातात चहाचा रिकामा कप होता.

"मी टेबल वाजवलं की तुझं मला दे, माझं तू घे."

ठक्.

पेरू त्याच्या हातात आला, कप बाईंच्या.

"कप मधे कुठे ठेवला होतास?"

"कुठेच... नाही."

बोर्डात सगळ्या ओळी एकाच ठोक्याला होत होत्या; तिसऱ्या जागेत ठेवलेली स्थितीच एक ठोका उशिरा पोचत होती. मग पेरू बाजूला ठेवून त्यानं तिसरी जागा पुसली. तिच्यासाठी रचलेलं सगळं पुसलं. दोनच ओळी उरल्या. डावा उजव्याचं घेतो. उजवा डाव्याचं घेतो. दोन्ही एकाच ठोक्याला.

बोर्डावर दिवे लागले. हा पेटला की तो विझे, तो पेटला की हा. कुठेही अडखळ नाही.

यशपालचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत आपला कुठला प्रोग्राम चालल्यावर असं झालं होतं, ते त्याला आठवेना.

"बाई, आठवडाभर मी तुमच्याशी हुज्जत घालत होतो. तुम्ही एकदाही..."

तो वाकला.

बाईंनी पाय मागे घेतले.

"माझ्या कशाला पडतोस? जे पुसलंस ना, त्याच्या पाया पड."